झाकण उघडं राहू द्या

मी देवळाली प्रवऱ्यातल्या पार्थचा लॅपटॉप बोलतोय. माझं एक बटण निघालेलं आहे. ते पार्थच्या लेकीने, मनवाने, गिळलं होतं. तिच्या आईने, मोनिकाने, दोन दिवस त्या बटणाची वाट बघितली. बटण आलं, पण परत बसवायचं धाडस कुणी केलं नाही.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला, पण जीव लागला तो या घरात. पार्थ घरूनच काम करतो. लिनक्स नावाची एक प्रणाली आहे, तिच्यावर जगभरचे कॉम्प्युटर चालतात. ती नीट बांधून लोकांपर्यंत पोचवणाऱ्या एका मंडळीत तो आहे. त्याच्या वाटणीला जो प्रोग्राम आलाय, तो एकाच मशीनच्या पोटात चार मशीन थाटून देतो. एका घरात चार बिऱ्हाडं असावीत तसं. ज्याला त्याला वाटतं, घर आपलंच.

मध्यंतरी कळलं की त्या प्रोग्राममध्ये खोट आहे. मेमरीतली खोली रिकामी करून दुसऱ्याला दिली, तरी जुन्या भाडेकरूची किल्ली तिथं चालतच राहते. एखाद्या भाडेकरूची नियत फिरली तर त्या किल्लीने तो थेट मालकाच्या घरात शिरायचा. दुरुस्ती लिहून आली होती. ती आपल्याकडे बसवून, तपासून, पार्थने ठरल्या दिवशी संध्याकाळी सहाच्या आत लोकांकडे पाठवायची होती. सहाला ती खोट साऱ्या जगाला जाहीर होणार होती, म्हणजे चोरांनाही.

त्या दिवशी सकाळी त्याने मला कामाला लावलं. मी तापलो, पंखा घुमायला लागला. "मी ऊस बघून येतो. ह्याला कुनी हात लावू नका," असं सांगून तो गेला.

आता मोनिकाचं सांगतो. मनवा रांगायला लागल्यापासून काही उघडं दिसलं की तिला धडकी भरते. बादली, पिंप, हौद, पिठाचा डबा, सगळ्याला झाकण. गॅस बंद केला तरी दोनदा बघून येते. त्या दिवशी मनवा माझ्याकडे निघाली, तशी मोनिकाने पटकन माझं झाकण लावलं. मी झोपलो.

पार्थ दुपारी आला. "अगं, हात लावू नको म्हनलं हुतं ना?"

"हात कुठं लावला? झाकन लावलं. लई तापलं हुतं."

"ते झाकलं की झोपतं."

मोनिकाच्या सासूबाई रतनबाई उंबऱ्यातून लेकाला म्हणाल्या, "मग तुझ्यावरच गेलंय. तू बी पांघरून घेतलं की गेलास."

पार्थने मला उठवलं. पुन्हा तीच धावपळ. त्यात संध्याकाळी मोनिकाच्या बहिणीचं कोल्हारला डोहाळजेवण. रतनबाई टेम्पोने पुढे गेल्या. साडेपाचच्या सुमाराला तपासणी संपली, सगळं ठीक निघालं. पार्थने पाठवायचा हुकूम दिला आणि बूट घालायला पळाला. पाठवण्याआधी मला त्याची सही लागते, म्हणून मी पासवर्ड मागितला. तोवर दाराला कुलूप लागलं.

मला तोंड नाही. पासवर्डची चौकट दाखवत बसलो.

थोड्या वेळाने गाडीचा आवाज आला. पार्थ कुरकुरत कुलूप काढत होता. "बंद केलाय गॅस. सोता बघितलाय मी."

"एकदाच ना? अहो, आत जाऊन या. माझा जीव तिकडं जेवनात लागायचा न्हाई."

"डोहाळजेवन बहिनीचं, आन डोहाळे तुला."

गॅस बंदच होता. तो वळला, त्याची नजर माझ्यावर पडली आणि तो जागीच थांबला. पासवर्ड टाकताना त्याची बोटं दोनदा चुकली. तिसऱ्यांदा जमलं. दुरुस्ती गेली, सहा वाजायच्या आत.

"हुता का बंद?" बाहेरून मोनिका.

पार्थने कपाळाचा घाम पुसला. "न्हाई," तो म्हणाला. "बरं झालं आलो."

तेव्हापासून मोनिका गॅस चारदा बघून येते, आणि पार्थ निमूट थांबतो.

आता माझं काम चालू असलं की मोनिका माझ्यावर डालगं पालथं घालते, कोंबडीवर घालतात तसं. झाकण उघडं राहतं, वारा लागतो. मनवा फटीतून बोट घालून उरलेली बटणं चाचपते.

तुमच्याकडे माझा कुणी भाऊबंद राबत असेल तर त्याचंही झाकण उघडं राहू द्या. आणि घरातून निघताना एकदा मागं वळून बघत जा. आम्हाला हाक मारता येत नाही.