मी अडवलेली सावली

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. शाळेच्या मागच्या भिंतीपाशी तुम्ही मला रोज पाहता. आता मला चाके नाहीत, काचा नाहीत, आणि पोटात मोडक्या बाकांचा ढीग आहे. तुमच्यातले काहीजण माझ्या टपावर चढून उड्या मारतात. खुशाल मारा. मात्र ही बिचारी मोटार फार गुणी होती असे कोणी सांगितले, तर खरे मानू नका. मी गर्विष्ठ होते आणि एकदा तर दुष्टपणे वागले. तेच आज सांगणार आहे.

माझा जन्म लष्करासाठी झाला. दुसरे महायुद्ध संपल्यावर हैदराबादेत माझा लिलाव झाला, आणि दोन-तीन मालक करून मी तुळजापूरला बाबूराव मास्तरांच्या दारात आले. मास्तर तुमच्याच ह्या शाळेत चित्रकला शिकवत. मुनवर मिस्त्रींनी माझ्या पाठीवर सागवानी खोली बांधली. तिच्यात भिंतीला दुमडून लावता येतील अशा दोन फळ्या निजायला, स्टोव्हसाठी पत्र्याचा कोनाडा आणि मागे पाण्याचे पिंप. सुट्टी लागली की मास्तर आणि त्यांच्या पत्नी चारुशीलाबाई मला घेऊन निघत. धर्मशाळा नको, ओळखीपाळखीचे घर नको. माळावर, डोंगराच्या कडेला, जिथे देखावा चांगला तिथे मुक्काम. रस्त्यात लोक थांबून बघत. "घराला चाकं!" म्हणत. मला ते फार आवडे.

मुक्कामाची जागा शोधण्यात मास्तर स्वतःला तरबेज समजत. जमीन सपाट हवी, चाक रुतू नये इतकी घट्ट हवी, दगडकाटे नकोत, दुपारी सावली हवी आणि पाणी फार लांब नको. शेत कोणाचेही तुडवायचे नाही, हा त्यांचा कटाक्ष होता. म्हणून ते नेहमी सरकारी गायरान बघत. "गायरान म्हणजे सरकारचं. सरकारचं म्हणजे कुणाचंच नाही," असे ते म्हणत. मलाही ते पटे.

१९५८ सालच्या वैशाखात आम्ही नळदुर्गच्या अलीकडे एका माळावर चढलो. उघडाबोडका माळ, आणि मधोमध चिंचेची चार मोठी झाडे. झाडांखालची जमीन अंगणासारखी गुळगुळीत. खडा नाही, काटा नाही. तिथून किल्ल्याचे बुरूज आणि बोरी नदीचे वळण स्पष्ट दिसत होते. नदीत नुसती वाळू होती, एका डोहात तेवढे पाणी होते.

"ही जागा माझ्यासाठीच ठेवलीय कुणीतरी!" मास्तर म्हणाले. त्यांनी मला सर्वांत मोठ्या चिंचेखाली उभे केले, बाजूला ताडपत्री ताणली, खुर्च्या मांडल्या आणि चित्राला बसले.

चारुशीलाबाई जमिनीकडे बघत होत्या. "अहो, इथं शेणाचे डाग दिसतायत."

"माळ आहे. शेण असायचंच."

ऊन डोक्यावर आले आणि तीस-पस्तीस गुरे माळ चढून आली. त्यांच्यामागे काठी घेऊन कुलसुमबी होती. पन्नाशीची, काटक बाई. सगळ्या गावाची गुरे तीच राखायची. मला बघून ती थबकली.

"सायेब," ती म्हणाली, "ही जागा तुमाला कुणी झाडून दिली?"

"कुणी नाही, बाई. आधीच स्वच्छ होती."

"आधीच? मग काय भुतं झाडत्यात व्हय इथं? आवं, ही गोठण हाय! दुपारची गुरं बसत्यात इथं. त्यांच्या बसण्यानं जमीन अशी झालीय. काढा ते धूड!"

धूड! मित्रांनो, मला इतका राग आला की सांगता येत नाही.

मास्तरांनी खिशातून तहसिलीचा शिक्क्याचा कागद काढला. मुक्कामाची परवानगी होती ती. तोवर महांतप्पा नावाचे म्हातारे शेतकरी काठी टेकत वर आले. त्यांनी कागद हातातही घेतला नाही. "हैद्राबादचं राज गेलं, मुंबईचं आलं," ते म्हणाले. "म्हशी मातर ह्याच चिंचांखाली बसल्या. त्यांला कुणी कागद इचारला न्हाय."

"दोन दिवसांचा प्रश्न आहे. चित्र झालं की जातो. बाकीची झाडं आहेत ना?"

गुरे बाकीच्या झाडांकडे वळलीही होती. पण एका गाईने शिंग मास्तरांच्या चित्राला लावले, आणि मास्तर धावत येऊन माझा भोंगा दाबून बसले. लष्करी भोंगा तो. मीही जीव ओतून ओरडले. गुरे उधळली, दावी तुडवत माळावर पांगली. मला आनंद झाला. होय, झाला. तो लपवून काय करू?

त्यानंतर कुठलेही जनावर त्या चार झाडांजवळ येईना. दूर उन्हात उभी राहून ती माझ्याकडे बघत राहिली. कुलसुमबी जाताना म्हणाली, "घराला चाकं लावली, अक्कल मातर घरीच ठिवली!"

संध्याकाळी चारुशीलाबाई पाणी आणायला डोहावर गेल्या, तर बायकांनी त्यांना घागर बुडवू दिली नाही. तरी मास्तर हटले नाहीत. बुरूज रंगवायचे राहिले होते.

दुसऱ्या दिवशी ऊन आणखी तापले. गुरे पुन्हा आली आणि पुन्हा लांबच थांबली. त्यांत महांतप्पांची गाभण म्हैस होती. तिची जीभ बाहेर आली, तोंडाला फेस आला, आणि ती गुडघ्यांवर कोसळली. कुलसुमबी तिच्या डोक्याशी बसून पदराने वारा घालू लागली. ही म्हैस गेली असती, तर पुन्हा कोणी तिच्या हाती दावे दिले नसते. त्या गुराखीपणावरच तिचे पोट होते.

चारुशीलाबाईंनी माझ्या पिंपातले सगळे पाणी बादल्यांनी नेऊन म्हशीवर ओतले.

"पाण्यानं काय व्हतंय ह्या उन्हात?" कुलसुमबी ओरडली. "सावली द्या! आमची सावली द्या!"

मास्तर तेव्हा उठले. चित्र तसेच टाकून त्यांनी इंजिन चालू करायला माझे हँडल फिरवले. मी चालू झाले नाही. दोन दिवस एका जागी उभे राहून माझे इंजिन आडमुठे झाले होते, आणि मनातून मलाही हलायचे नव्हते. मास्तरांच्या हाताची साले निघाली. मग महांतप्पांनी गावकऱ्यांना हाक मारली. दहा-बारा जणांनी मला मागून रेटले. मित्रांनो, ती मदत नव्हती. ते मला हाकलत होते. शिव्या देत त्यांनी मला माळाच्या टोकाला, भर उन्हात नेऊन सोडले.

म्हशीला चौघांनी उचलत, ओढत चिंचेखाली आणले. बाकीची गुरे भीत भीत मागे आली आणि एकेक करून खाली बसली.

तिथे उन्हात माझा पत्रा तापला, रंगाला फोड आले, रबराचा वास सुटला. तेव्हा कुठे मला कळले, मी त्या जनावरांकडून काय घेतले होते. मास्तरही माझ्याशेजारी उघड्या डोक्याने उभे होते. आत बसा म्हणून बाईंनी दोनदा सांगितले, तरी बसले नाहीत.

दिवस कलताना म्हैस उठली. कुलसुमबीने तिच्या पोटावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग महांतप्पांकडे बघून मान डोलावली. पोटातले रेडकू जिवंत होते.

गावकरी आमच्याकडे पाठ फिरवून माळ उतरू लागले. चारुशीलाबाई मात्र कुलसुमबीजवळ गेल्या. "व्यायल्यावर बघायला येऊ का?"

कुलसुमबीने त्यांच्याकडे पाहिले. चेहरा मऊ झाला नव्हता.

"या," ती म्हणाली. "पर चालत या."

मित्रांनो, पुढे बाई खरोखर एसटीने नळदुर्गला उतरून तो माळ चढून गेल्या. मला कोणी नेले नाही, आणि ते बरोबरच होते. तुम्ही मोठे झालात की तुमच्याकडेही गाड्या येतील, आणि तुम्हीही निवांत जागा शोधाल. जरूर शोधा. पण मुक्काम टाकण्याआधी एक दुपार लांब बसा आणि तिथे कोण येते ते बघा. मी बघितले नव्हते.