आठवणीतलं लिंबू

या, पुढे सरकून बसा. दाराशी बसलं की गोष्ट अर्धीच कानावर येते, आणि ही तर तोंडाला पाणी सुटण्याची गोष्ट आहे.

एक बाई जुन्या चित्रांची डागडुजी करायची. लोक तिला चित्रांची डॉक्टरीण म्हणत. तिच्या खिडकीतून दुधासारखा उजेड झिरपायचा, आणि त्या उजेडात टेबलावर कुणाचा ना कुणाचा पूर्वज निजलेला असायचा.

त्या दिवशी निजला होता एक माळी. घर बदलताना रंगाचे पोपडे उडू नयेत म्हणून कुणीतरी त्याच्या चेहऱ्यावर पिठाची खळ लावून कागद चिकटवला होता. तो काढायचा राहूनच गेला. आता कागद निघाला, पण वाळलेल्या खळीचा थर तोंडावर तसाच. शेजारी खुर्चीत माळ्याची म्हातारी बायको. तिची नजर विझत चाललेली; भर उजेडात दिसेल तेवढंच. माळ्याचा एखादा फोटोही नव्हता.

"सगळं धुकं व्हायच्या आत एकदा ह्यांचं तोंड दाखव, पोरी."

डॉक्टरिणीने काडीला कापूस गुंडाळला, जिभेवर ओला केला आणि माळ्याच्या हनुवटीवर अलगद फिरवला.

"अगं बाई, माझ्या नवऱ्याला थुंकी लावतेस?"

"आजी, लाळेत देवाने एक एन्झाइम ठेवलंय. ते पीठ विरघळवतं. नुसत्या पाण्याला जमत नाही."

"मग लाव. उभ्या जन्मात मला हे सुचलं नाही!"

हनुवटी उजळली, ओठ उजळले. पण डॉक्टरिणीचं तोंड कोरडं पडलं. लाळ सुटावी म्हणून तिने लिंबाची आंबट गोळी चघळली. लाळ आली भरपूर, पण खळ ढिम्म हलेना.

"आंबटामुळे एन्झाइम रुसलं वाटतं," ती पुटपुटली, आणि उतारा म्हणून सोड्याच्या पाण्याने खळखळून चूळ भरली. तरी तेच.

"आता सोडा जास्त झाला. त्याला आंबट सोसत नाही, खार सोसत नाही. मधलंच हवं."

"आमच्या ह्यांच्यासारखंच. चहासुद्धा कोमटच लागायचा."

डॉक्टरिणीने साध्या पाण्याने चुळा भरल्या. चव गेली, पण जीभ पुन्हा कोरडी ठणठणीत. खिडकीतला उजेड टेबलाच्या कडेला सरकला होता.

"गोळी नको," म्हातारी म्हणाली. "मी सांगते, तू नुसती ऐक."

आणि ती सांगू लागली. आधी बोलली, मग तिच्याही नकळत गुणगुणू लागली. पहाटेची बाग. पानांत लोंबणारी पिवळीजर्द लिंबं. माळी एक तोडतो, अंगठ्याच्या नखाने चिरतो, रस मनगटावरून ओघळतो, आणि तो हसत म्हणतो, घे, चाख...

डॉक्टरिणीच्या जिभेखाली झरा फुटला. लिंबू तर तिथे नव्हतंच. होती फक्त लाळ, ना आंबट, ना खारी. कापूस फिरत राहिला. गाल उमटला. एक डोळा उमटला. दुसरा मात्र घट्ट मिटलेला, आंबटाने मिटावा तसा.

उजेड टेबलावरून उतरायच्या आत म्हातारी चित्रावर ओणवी झाली.

"हेच ते," ती म्हणाली. "मला चाखायला द्यायच्या आधी स्वतः चाखायचे."

तर बाबांनो, लिंबाच्या नुसत्या नावाने तुमच्या तोंडाला पाणी सुटेल तेव्हा, देवाच्या नावापाठोपाठ, त्या माळ्याची आठवण काढा.