गिऱ्याच्या फिल्लममधली होडी

कॉलेजात दोन बुकं शिकलेल्या माणसाला अक्कल पाजळायला जागा लागते. मोरूला ती करंज्याच्या खाडीत सापडली. उन्हाळ्याच्या सुटीत तो मुंबईहून दोन मित्र आणि उसना कॅमेरा घेऊन गावी आला आणि त्याने माणसांना पाण्यात ओढणाऱ्या गिऱ्याची मुकी फिल्लम काढली. बुडणारा झाला कोळीवाड्यातला सदा. त्याला वाचवायला होडी वल्हवत येणारा झाला त्याचा खरा बाप, गुणाजी.

खरी करामत कात्रीची होती. सदाचं बुडणं एका दिवशी टिपलं, गुणाजीचं वल्हवणं दुसऱ्या. मोरूने दोन्हींचे तुकडे आलटून पालटून चिकटवले: सदा, होडी, पुन्हा सदा, पुन्हा होडी, आणि दर खेपेला तुकडा आखूड. बघणाऱ्याचा जीव टांगणीला लागला पाहिजे, आणि होडी पोचायच्या आत गिऱ्याने सदाला गिळलं पाहिजे.

दसऱ्याच्या आधी सदा खरोखरच बुडाला. जाळ्याच्या खुंटावरून पाय सटकला, ओहोटीची ओढ जबर, आणि गुणाजीची होडी गाळात रुतलेली. ती सुटून पोचेस्तोवर सगळं आटपलं होतं. सदाची आई केसर तेव्हा उरणच्या बाजारात मासळी विकत होती.

दिवाळीत मोरू आला तो फिल्लम कुणाला दाखवायचीच नाही असं ठरवून. पण केसर दारात येऊन उभी राहिली. "माजा पोर त्यात हालतो-चालतो ना? मना दाखव."

नाही कोणत्या तोंडाने म्हणणार? तंबू-सिनेमावाल्याचं हाताने फिरवायचं यंत्र मागून आणलं, शाळेच्या भिंतीवर फिल्लम लावली. होडी दिसली की केसर उठून ओरडायची, "अवं, वल्हं हाना ना, हाना!" संपल्यावर तिने मोरूचा हात धरला. "मधी मधी थांबवतोस कशाला? होडी म्होरं घे. पोचव तिला, बाबा."

तालमीच्या दिवशी बापाने सदाला होडीत ओढून घेतलं होतं, ते टिपलेला तुकडा मोरूच्या पेटीत होता. दोन दिवस खपून त्याने रेंगाळणारे तुकडे काढले आणि शेवटी हा जोडला. गिऱ्याला उपाशी ठेवलं.

तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला केसर भिंतीपुढे बसली, गुणाजी दाराशी. या खेपेला होडी सरळ आली. भिंतीवरचा गुणाजी वाकला, त्याने पोराला काखेत धरून वर ओढलं. सदाने केस झटकले आणि तो हसला. मोरूचे डोळे भरून आले. आपल्या शिक्षणाचा कुणाला तरी उपयोग झाला, असं त्याला वाटलं.

केसर रडली नाही. तिने वळून नवऱ्याकडे पाहिलं.

"म्हंजे पोचता येत व्हतं," ती म्हणाली.

"अगं, होडी गाळात..." गुणाजी दारातून पुढे आला.

"काकी, हे खोटं आहे, मी कापून जोडलंय," मोरू घाईघाईने सांगू लागला. वेगळे दिवस, वेगळे तुकडे, कात्री, सगळं सांगितलं. केसर उठली होती. "माज्या डोल्यांनी बघितला मी," एवढंच बोलून ती निघून गेली.

सकाळी गुणाजी आला. रात्रभरात म्हातारा झाला होता. "मोरू, पयल्यावानी कर. माजी होडी पोचवू नको. आनि तिला दाखव."

मोरूने तुकडे पुन्हा होते तसे जोडले. पण केसर काही बघायला आली नाही.