भिंतीत सोडलेली वायर

बाप वायरमन, मुलगाही वायरमन. बापाच्या छातीतल्या पेसमेकरची वायर काही वर्षांपूर्वी बिघडली, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं होतं, जुनी काढून टाकायची, की तशीच ठेवून शेजारी नवी घालायची? बाप म्हणाला, "मुलाला विचारा." आणि हे चिरंजीव बेधडक बोलून गेले, "राहू द्या. बंद पडलेली वायर आम्हीसुद्धा भिंतीतच सोडतो. ओढायला गेलं की प्लास्टर निघतं." सगळे हसले. विषय संपला.

आता बापाने ऐंशी ओलांडली होती. पेसमेकरवरची कातडी लाल झाली, चिघळली आणि पू यायला लागला.

"जंतू वायरींवर बसलेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नुसत्या औषधांनी जाणार नाहीत. पेसमेकर आणि दोन्ही वायरी काढाव्या लागतील."

"या वयात?"

"वयाची मला तेवढी भीती नाही. या वयाच्या बऱ्याच जणांच्या आम्ही सुखरूप काढल्यात. जुनी वायर मात्र शिरेला घट्ट चिकटलीय. शीर फाटू शकते, म्हणून सर्जन तयारीत ठेवू. पण आत ठेवणं जास्त धोक्याचं."

"तेव्हाच काढली असती तर?"

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. "सोपं गेलं असतं."

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वॉर्डात बाप नर्सला कौतुकाने सांगत होता, "माझ्या पोराने तेव्हा वायरीला हात लावू दिला नाही हो. फार जपतो मला."

मुलाला ते ऐकवेना. स्ट्रेचर आलं तेव्हा त्याने बापाचा हात धरला. "बाबा, जपलं-बिपलं काही नाही. त्या दिवशी एका दुकानाचं काम अर्धवट टाकून आलो होतो. मालक फोनवर फोन करत होता. मला लवकर सुटायचं होतं. प्लास्टरचं आपलं तोंडाला आलं ते बोललो."

स्ट्रेचर दाराआड गेलं. कबुलीला मुहूर्तही काय काढला होता!

बाकावर तो स्वतःला शिव्या घालत बसला. बाप परत आला नाही, तर जाताना त्याने ऐकलं ते हेच. गिऱ्हाइकाचा फोन वाजला, तो त्याने बंदच करून टाकला.

अखेर डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. दोन्ही वायरी निघाल्या होत्या, शीर फाटली नव्हती. तो भर कॉरिडॉरमध्ये रडला.

बाप शुद्धीवर आला तेव्हा मुलगा मान खाली घालून उभा होता.

"प्लास्टर?" बापाने कोरड्या ओठांनी विचारलं.

"शाबूत आहे, बाबा."

बापाने डोळे मिटले. झोपला असं वाटलं. मग हळूच म्हणाला, "मीही लोकांना प्लास्टरचंच सांगायचो. खरं तर जरा वेळ दिला की वायर निघायची. पण घरी यायला उशीर झाला असता. तू दारात बसलेला असायचास. मी आल्याशिवाय जेवायचा नाहीस."