दोन टक्सांचे शीड

१९७९ सालची गोष्ट आहे. मित्रांनो, मी एक जुने तिकोनी शीड आहे. नाशिकजवळच्या गंगापूर धरणावर एक जोडहोडी होती. दोन निमुळत्या होड्या लोखंडी नळ्यांनी जोडलेल्या, मध्ये डोलकाठी आणि तिला एक मोठे शीड. मी मागाहून आले, डोलकाठीच्या पुढे लावायला.

होडी बांधली होती सातपूरच्या कारखान्यातले फिटर सावळीराम यांनी. आदल्या वर्षी त्यांची सहा वर्षांची चांगुणा तापाने गेली. तेव्हापासून घरात कोणी मोठ्याने बोलत नसे. त्यांच्या पत्नी यशोदाबाई स्वयंपाक करीत, लोकांची पोलकी शिवीत; रडत मात्र नसत. सावळीराम रविवारी अंथरुणातून उठत, ते केवळ होडीसाठी.

पण होडी वळत नसे. वारा त्र्यंबकच्या बाजूने येई. वळताना त्याला होडीचे नाक, म्हणजे पुढचे टोक, भिडले की ती जागीच थांबे आणि मागे मागे वाहत धरणाच्या भिंतीकडे जाई. मग राखणदार धोंडीराम दोर टाकून तिला ओढी.

"तीनदा झालं, सावळीराम," एकदा तो म्हणाला. "आता परत भिंतीकडं आली, तर सरपणाला घेऊन जा घरी. पाण्यात नाय सोडायची."

पुढे लहान शीड असले की वारा त्यावर उलटा दाबतो आणि नाक फिरते, असे सावळीरामांना कोणी सांगितले होते. म्हणून यशोदाबाईंनी मला शिवले. उशीचा अभ्रा शिवावा तसे, सरळ कापून, एक सुरकुती न ठेवता. काठाजवळ लावून पाहिले, तर मी नुसते फडफडत राहिले.

"माझी शिवण चुकली का?" यशोदाबाईंनी विचारले.

"शिवण चांगली आहे. पण याला पोटच नाही, वारा धरणार कशात?"

"अहो, मग आधी सांगायचं. पोलक्याला टक्स घालतात तसे घालते. बाई काय पाटासारखी सपाट असते?"

सावळीराम हसायला गेले आणि मध्येच थांबले. दोघांचीही ती सवय मोडली होती.

माझ्या खालच्या कडेला दोन टक्स आले आणि मला पोट सुटले. पुढच्या रविवारी यशोदाबाईही होडीत बसल्या, कारण माझा दोर धरायला दुसरे माणूस लागे.

"मी म्हणेपर्यंत सोडू नको," सावळीराम म्हणाले. "आधी सुटला तर गेलो भिंतीवर."

भिंतीवर धोंडीराम उभाच होता. नाक वाऱ्यात शिरले, होडी थांबली, मागे सरकू लागली. मग वारा उलट बाजूने माझ्यात भरला. यशोदाबाईंच्या तळहातावरून दोर सरकत होता, कातडे सोलत होता. त्यांनी मूठ सैल केली नाही. नाक हळूहळू फिरले.

"सोड."

त्यांनी सोडला. होडी वळून भिंतीपासून दूर निघाली. धोंडीरामाने हातातला दोर गुंडाळून खांद्यावर टाकला.

"कसं वाटलं गं?" सावळीरामांनी विचारले.

"हात सोलला," यशोदाबाई म्हणाल्या.

पुढची सात वर्षे त्या दर रविवारी माझा दोर धरीत होत्या. लोक माझे कौतुक करीत. मला त्याचे फारसे काही वाटले नाही. मग होडीचे लाकूड कुजले आणि मी ट्रंकेत गेले. एका पावसाळ्यात माझी ओलीच घडी घातली होती. त्याचे काळे डाग आजही आहेत. मित्रांनो, कापड ओले ठेवू नका, वर्षातून एकदा तरी ऊन दाखवा. एवढे पुरते.

धोंडीराम नोकरी संपल्यावर कळवणला मुलाकडे गेला आणि तिथेच वारला. सावळीरामांचा कारखाना शहाऐंशीत बंद पडला; आता ते पंप दुरुस्त करतात. यशोदाबाई शिवणकामाचा वर्ग चालवतात. मोठ्या कापडाला टक्स घालायचे शिकवताना त्या मला बाहेर काढून टेबलावर पसरतात. मागच्या आठवड्यात एका मुलीने विचारले, "बाई, हे कोणासाठी शिवलं होतं?"

यशोदाबाईंनी होडीचे नाही, चांगुणाचे नाव सांगितले; ते त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकले. मग टेबलाला धरून खाली बसल्या आणि बराच वेळ रडल्या.