सोमाजीचं पडणं

माझा नवरा गेली वीस-बावीस वर्षं दारू पितो आणि सगळा मुलूख त्याबद्दल त्याला टाळ्या देतो. बाटलीत असतो काळा चहा, तोही मीच करून देते. आमच्या झाडीपट्टीत नायक कोणीही असो, सोमाजीचा दारुड्या येऊन धपकन पडल्याशिवाय नाटक झालं असं लोक मानतच नाहीत. घरी मात्र हा माणूस खोकल्याचं औषधसुद्धा हुंगतो आणि परत ठेवून देतो.

मला याची गंमतच वाटायची. निकेशच्या लग्नाचं निघालं आणि गंमत संपली.

निकेश, आमचा मुलगा, ऊर्जानगरला कामाला आहे. कुरखेड्याकडच्या गोपालभाऊंची दिव्यानी त्याला पसंत होती, तिलाही तो पसंत होता. अडून बसल्या त्या गोपालभाऊंच्या आई, सोनीबाई. त्यांचे यजमान खरोखरचे पिणारे होते, दारूनंच गेले. त्यांनी निरोप धाडला, "दारुड्याच्या घरात माही नात जाणार नाई." कोणी समजावलं, बाई, ते नाटकातलं असते. त्या म्हणाल्या, "मी नाटक पाहत नाई. पण आग असल्याबिगर धूर निंगत नाई."

गोपालभाऊ भला माणूस. त्यांनी आम्हाला आपल्या गावच्या शंकरपटाला बोलावलं. पटाच्या दिवसांत आमच्याकडे घरोघर पाहुणे उतरतात. दिवसा बैलांच्या शर्यती होतात, रात्री नाटक, आणि सकाळच्या चहावर सोयरिकी जुळतात. पण नशीब बघा, त्या गावानं यंदा नाटकाला कंपनी बोलावली ती नेमकी आमची.

"अजी, आज जराकशी कमी पेजा," मी यांना म्हटलं. "सरळ चालजा, दोन शब्द बोलजा अन् निंगून येजा. सोनीबाई यंदा तुमालेच पाहाले येऊन राह्यल्या."

हे काळ्या चहाची बाटली उगाच पुसत बसले. पडणं सोडायचं म्हणजे यांच्यासाठी जेवणातून मीठ काढल्यासारखं. शेवटी म्हणाले, "पोराचं लगन हाय. आज नाई पडत."

सोनीबाई शाल गुंडाळून माझ्या शेजारी सतरंजीवर बसल्या. हे स्टेजवर आले ते अगदी सरळ चालत. दोन वाक्यं बोलले, तीही स्वच्छ. मंडप गार पडला. मग मागून कोणीतरी ओरडलं, "सोमाजीभाऊ, आज दुकान बंद होतं काजी?"

लोक हसले आणि मी मनात देवाचा धावा सुरू केला, कारण मला यांचा चेहरा ठाऊक आहे. यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, गुळाच्या डब्यात हात घातलेल्या पोरासारखं. मग डावा पाय हळूच वाकडा पडायला लागला. त्यानंतर यांनी पडद्यावर रंगवलेल्या विजेच्या खांबाची माफी मागितली, स्वतःच्या चपलेशी भांडण काढलं आणि शेवटी असे काही पडले की लोकांनी मंडप डोक्यावर घेतला. शेजारी सोनीबाईंचे खांदे हलत होते. त्या रडत आहेत असं मला वाटलं. मान वळवून बघायची माझी हिंमत झाली नाही. गेली सोयरीक, म्हटलं. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच.

सकाळी अंगणात चहा आला. माझी पिशवी भरून तयार होती. गोपालभाऊ कपात बघत होते. यांच्या कानामागे अजून पावडर होती, आणि मला तीही पुसावीशी वाटत नव्हती.

सोनीबाई आल्या आणि यांच्यासमोर उभ्या राहिल्या. "तुमी पेत नाई," त्या म्हणाल्या. "कधीच नाई पेले."

"तुले कसं समजलं, माय?" गोपालभाऊंनी विचारलं.

"पडाच्या आंधी यायनं बाटली बाजूले ठेवली. धोतर सावरलं. मंग हात टेकून पडले. पेणारा असा पडत नाई." त्या माझ्याकडे वळल्या. "प्रेमिलाबाई, तारीख काढा."

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. एवढा आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता. आणि हा माणूस? तोंड पाडून बसलेला.

"म्हंजे माहं पडणं खोटं दिसते?"

"साफ खोटं."

"इतक्या वर्षांत मले असं कोणी म्हटलं नाई, बाई." मी चिमटा काढला, तरी हे थांबले नाहीत. "मंग खरं कसं पडते?"

सोनीबाईंनी कप गोपालभाऊंच्या हातात दिला. पदर खोचला. "दारात आला का पह्यले असा थांबे," त्या डोळे अर्धे मिटून म्हणाल्या, "जसं घरच दुसऱ्याचं हाय." मग त्यांचा गुडघा गेला, खांदा गेला, आणि हात कुठेही न टेकता त्या धानाच्या तनशीच्या, म्हणजे पेंढ्याच्या, ढिगावर आडव्या झाल्या. गोपालभाऊ कप टाकून धावले. पाहतात तर म्हातारी तनशीत पडल्या पडल्या हसत होती. मग आम्हीही हसलो, गोपालभाऊ तर डोळे पुसत पुसत.

"याच पडण्यापायी मी जलमभर रडली," सोनीबाई तिथूनच म्हणाल्या. "काल राती मंडपात पह्यल्यांदा हसू आलं."

यांनी हात देऊन त्यांना उठवलं. अंगावरची तनस झटकली. "बाई," हे अगदी हळू म्हणाले, "अजून एकडाव दाखवता का?"

लग्नाची तारीख मी आणि गोपालभाऊंनीच ठरवली. ते दोघं कामात होते. तनशीवर एकदा त्या पडत होत्या, एकदा हे.