बदाम सत्ती उताणी होते तेव्हा

मित्रांनो, माझ्या तोंडावर सात लाल बदाम आहेत, पाठीवर निळी जाळी आहे आणि एका कोपऱ्यावर घडी आहे. बदाम आणि जाळी मला छापखान्याने दिली. घडी मात्र एका भल्या माणसाने मायेपोटी पाडली, आणि त्या दिवसापासून मी खेळातून बाद झाले.

आम्ही बावन्न पानं एकाच मोठ्या कागदावर छापली गेलो. आमच्या पोटात काळ्या खळीचा थर असतो, उजेडासमोर धरलं तरी आरपार दिसू नये म्हणून. मग पात्याने कापून आम्हांला वेगळं करतात, तेव्हा केसभर फरकही चालत नाही. तोंडं बावन्न आणि पाठ एकच, अशी आमची जात. पाठीवरून ओळखू येणारं पान कितीही सुंदर असलं तरी निरुपयोगी.

आमचा बावन्न पानांचा जोड चष्म्यांच्या एका कारखान्यात आला. कारखाना म्हणजे एक लांबट खोली, चार टेबलं आणि एकच खिडकी. थोरली बहीण भिंगं घासायची. तिला सगळे अक्का म्हणत. तिचा धाकटा भाऊ भिंगांच्या कडा घासून ती चौकटीत बसवायचा, त्याची बायको, म्हणजे वहिनी, गिऱ्हाइकांचे नंबर उतरवून घ्यायची. चौथा होता जोडारी. खसखशीएवढे स्क्रू दिवसभर चिमट्याने उचलायचा, म्हणून त्याचं नाव चिमटा.

खिडकीखालचं टेबल सगळ्यांनाच हवं असायचं. अक्काच्या वडिलांनी त्यावर तोड काढली होती. वर्षातून एकदा खोलीला रंग लागला की टेबलं परत लावण्याआधी दुपारी पोकर खेळायचा, शर्टाच्या बटणांवर. ज्याच्याकडे शेवटी जास्त बटणं, त्याची खिडकी. पत्त्यांच्या डबीच्या झाकणावर वडिलांनी पेन्सिलीने एक नियम लिहून ठेवला होता : डाव संपेपर्यंत कुणी कुणाला पान दाखवू नये, टाकून दिलेलंसुद्धा. एकाला दिसलं, तर ते सगळ्यांना दाखवावं.

नऊ वर्षं मी त्या खोलीत इमानाने झाकलेली राहिले. पिसणाऱ्यांनी माझं कौतुक केलं, पान अजून करकरीत आहे म्हणाले. खेळ झाला की डबी वर्षभर कपाटावर पडून राहायची, धूळ बसायची. मी तक्रार केली नाही. वाट पाहणं हे आमच्या कामातच धरलेलं असतं.

दहाव्या वर्षी मात्र खेळाआधी पानं मोजताना अक्का मला हात पूर्ण लांब करून खिडकीकडे धरू लागली. एकदा तिने माझ्यावरचे बदाम बोटाने मोजले. तिची नजर उतरली होती. खिडकीचा उजेड मिळाला नाही, तर बारीक भिंगांचं काम तिला सोडावं लागणार होतं. हे तिने कुणालाही सांगितलं नव्हतं. भावाला तेवढं कळलं होतं, कारण बहिणीच्या हाताची ढब त्याला लहानपणापासून पाठ होती.

दुपारी खेळ सुरू झाला. प्रत्येकाला एक पान झाकलेलं आणि बाकीची एकेक करून उघडी. प्रत्येक पानानंतर बटणं लावायची. पटलं नाही तर पानं पालथी टाकून बाहेर पडायचं. वहिनी लवकरच रिकामी झाली.

"माझी बटणं गेली, आता शर्ट कुणी मागू नका," असं म्हणून ती पत्ते वाटायला बसली.

आता तीन डाव उरले होते. अक्काकडे दोन राजे आणि एक नव्वी उघडी, एक नव्वी झाकलेली. चिमट्यापुढे पंजी, छक्की आणि अठ्ठी उघडी, एक नव्वी झाकलेली. शेवटचं एक पान यायचं होतं. मधली सत्ती आली की त्याची रांग जुळणार होती आणि अक्काच्या दोन जोड्या तिच्यापुढे फिक्या पडणार होत्या. दोन सत्त्या आधीच्या डावांत उघड्या येऊन गेल्या होत्या, आणि जोड संपेपर्यंत तो पुन्हा पिसायचा नाही अशी रीत होती. तिसरी मी. मी भावाच्या हातात झाकलेली होते.

चिमटा आपली सगळी बटणं दोन्ही हातांनी पुढे सारायच्या बेतात होता.

"मी बाहेर," भाऊ म्हणाला. त्याने पानं उचलली, आणि पालथी टाकता टाकता अंगठ्याने माझा कोपरा दाबून मला अक्काकडे कलती केली. क्षणभरच. माझा कोपरा वाकला. अक्काने मला पाहिलं.

तिला सगळं कळलं. आता जोडात एकच सत्ती उरली होती. चिमटा अजून दोन धरून चालला होता. त्याला बटणं लावू द्यायची, बस. खिडकी जवळजवळ तिचीच होती.

"भाऊ, ते पान उताणं कर," अक्का म्हणाली.

"कुठलं?"

"तुझ्या अंगठ्याखालचं. मला दिसलं. आता सगळ्यांना दिसू दे."

"अगं, मी तर बाहेर पडलोय. टाकलेल्या पानाचं काय एवढं?"

"झाकणावर काय लिहिलंय ते वाचून दाखवू का?"

भावाने मला टेबलावर उताणं ठेवलं. त्याचे कान लाल झाले होते. चिमट्याने माझ्याकडे पाहिलं, मग आपल्या पानांकडे. त्याचे हात बटणांवरून मागे आले.

"मग मीही बाहेर," तो म्हणाला. "अक्का, गप्प बसली असतीस तर माझी चामडी सोलली असतीस."

"हो," अक्का म्हणाली. "वहिनी, दुसरा जोड काढ. याचा कोपरा वाकलाय."

तिच्या वाट्याला मधली मूठभर बटणं आली. मला खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं, आणि उरलेले दोन डाव मी तिथून पाहिले. चिमटा पाच बटणांनी जिंकला.

त्याने आपलं टेबल खिडकीखाली सरकवलं. अक्काने आपलं टेबल आतल्या भिंतीशी नेलं, त्याचे पाय नीट टेकले आहेत का ते पाहिलं आणि मग ती सगळ्यांकडे वळली.

"आता खेळ संपला, म्हणून सांगते. माझी नजर कमी झालीय. मला टेबलावर वाकणारा दिवा लागेल. आजच."

मग वहिनी म्हणाली, "वन्सं, हे आधी सांगायचं ना."

"आधी सांगितलं असतं, तर तुम्ही मला हरू दिलं असतं का?"

चिमटा उठला. "टेबल घे, अक्का. मला काही ते—"

"जिंकलेलं कशाला परत देतोस? तुझे स्क्रू काय अंधारात दिसतात? दिवा बसवायचं बघ."

त्याने संध्याकाळच्या आत दिवा बसवला. पहिल्यांदा तो वाकडा बसला, म्हणून अक्काने परत काढायला लावला. तिने बारीक भिंगं सोडली नाहीत. वेळ लागायचा, कडा बोटांनी तपासाव्या लागायच्या, पण तिच्या हातचं भिंग परत आलं नाही.

मला तिने दिव्याखालच्या भिंतीवर चिकटवलं. भिंग तयार झालं की ती त्यातून माझे बदाम पाहते. एखादा फुगलेला किंवा तिरका दिसला, की भिंग पुन्हा घासायला. आता मी दिवसभर उताणी असते, सगळ्यांसाठी.

मित्रांनो, पत्ते कडेने उचला, ओल्या हाताने धरू नका, कोपरे दाबू नका. डाव चालू असताना आपलं पान झाका. टाकलेलंही झाका, कारण त्यावर दुसऱ्या कुणाचा निर्णय टेकलेला असतो. आणि नको ते पान तुम्हांला दिसलंच, तर त्याच क्षणी सांगा. थांबलात, की सांगणं जड होत जातं.

यंदा खोलीला पुन्हा रंग लागला. नव्या जोडाची डबी उघडली, तेव्हा भावाला सगळ्यांनी अक्कापासून सर्वांत लांबच्या खुर्चीवर बसवलं. अक्काने दिवा स्वतःकडे ओढला, बाह्या वर सारल्या.

"वाट," ती वहिनीला म्हणाली.